पाणी किती?

‘सर, पाणी किती घातलं होतं?’

१९९१ सालच्या जुलै महिन्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी मला हा प्रश्न विचारला. त्याच दिवशी सकाळी मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर ‘एम-वन व्ही-वन इज इक्वल टू एम-टू व्ही-टू’ असं मोठ्या अक्षरांत लिहून पाच उदाहरणं सोडवून दाखवली होती. हमखास मार्कांचा भाग, सोडू नका, असंही वर बजावलं होतं. आणि आता माझा दहा महिन्यांचा मुलगा तपासणीच्या टेबलावर पडला होता. जीभ कोरडी, टाळू खोल गेलेली, आणि मधूनच हातपाय ताठ होत होते. जुलाब दोन दिवसांचे होते. जलसंजीवनीची पाकिटं घरात होती आणि ती दिलीही जात होती. त्यामुळे हे असं का व्हावं, ते मला कळेना.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘एक फुलपात्र.’

आमच्या घरातलं फुलपात्र दोनशे मिलिलिटरचं. पाकीट एक लिटरचं.

आईचा हिशेब तिच्या परीने बरोबर होता. एवढंसं लेकरू लिटरभर पाणी कधी पिणार? आणि औषध पातळ केलं की त्याचा जोर जातो, हे तिला आयुष्यभराच्या काढ्यांनी शिकवलं होतं. पाकिटावरची सूचना इंग्रजीत होती, आणि घरात इंग्रजी येणारा, शिवाय रसायनशास्त्र शिकवून पगार घेणारा माणूस कॉलेजात गेलेला होता. तिने चमच्याचमच्याने, मायेने, रात्रभर जागून ते पाणी पाजलं.

त्या काळच्या पाकिटाच्या एक लिटर द्रावणात ९० मिलिमोल सोडियम असायचं. तेच पाकीट पाचपट कमी पाण्यात घातलं की लिटरमागे ४५० मिलिमोल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४७० असतं. म्हणजे आम्ही पोराला जवळजवळ समुद्र पाजत होतो.

मुलगा वाचला. आज तो पस्तिशीच्या घरात आहे आणि हे सगळं त्याने फक्त ऐकलेलं आहे. पण डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या मानेवर बसला तो बसलाच. पुढे बरीच वर्षं, जमेल तेव्हा, मी त्या प्रश्नाचा इतिहास वाचत गेलो. पाण्यात मीठ किती आणि मिठाला पाणी किती, या एका हिशेबापायी माणसं कशी मेली आणि कशी वाचली, याचा तो इतिहास आहे.

*

फळ्यावरच्या त्या सूत्रात तसं काहीच गूढ नाही. पाणी वाढवलं म्हणून विरघळलेला पदार्थ वाढत किंवा कमी होत नाही, एवढंच ते सांगतं. संहतीला घनफळाने गुणलं की पदार्थाची एकूण रक्कम येते, आणि ती पाणी घालण्याआधी जेवढी होती तेवढीच नंतरही राहते. आमटीत पाणी वाढवलं म्हणून मीठ कुठे जात नाही, ते जास्त पाण्यात पसरतं. हे प्रत्येक स्वयंपाक करणाऱ्या बाईला माहीत आहे. फरक इतकाच, की आमटी खारट झाली तर जीभ लगेच सांगते. रक्त खारट झालं तर सांगणारं कुणी नसतं. ते मोजावं लागतं.

ते पहिल्यांदा नीट मोजलं १८३१च्या हिवाळ्यात. बंगालमधून निघालेला कॉलरा युरोप ओलांडून इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पोचला होता. विल्यम ब्रूक ओ’शॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर तिथे गेला. त्या काळी कॉलऱ्याच्या रोग्यावर पहिला उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढणं. पण रोग्यांचं रक्त काळपट आणि डांबरासारखं घट्ट झालेलं असायचं, काढू म्हटलं तरी निघायचं नाही. ओ’शॉनेसीने त्या रक्ताचं रासायनिक पृथक्करण केलं आणि सरळ सांगितलं की या रक्तातलं पाणी गेलं आहे, क्षार गेले आहेत, आणि जे गेलं आहे ते शरीरातून बाहेर पडलेल्या मळात सापडतं आहे. मग उपाय काय? गेलेलं परत घालणं. हे सगळं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

वाचणाऱ्यांत स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराचा डॉक्टर थॉमस लॅटा होता. आधी त्याने गुदद्वारातून क्षारांचं पाणी देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. मग १८३२च्या मे महिन्यात त्याने एका मरणासन्न म्हाताऱ्या बाईच्या शिरेत नळी घातली आणि मिठाचं पाणी सोडायला सुरुवात केली. हे पूर्वी कुणी केलेलं नव्हतं. थोडं पाणी गेलं, काहीच झालं नाही. आणखी गेलं, तरी काही नाही. मग हळूहळू खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, आणि बाईने आता मला बरं वाटतंय, झोप येते आहे असं सांगितलं. अर्ध्या तासात सहा पिंट पाणी गेलं होतं. बाई सुटली असं समजून लॅटा तिला दवाखान्यातल्या डॉक्टरवर सोपवून निघून गेला. उलट्याजुलाब परत सुरू झाले, पुन्हा पाणी कुणी दिलं नाही आणि साडेपाच तासांत ती मेली.

लॅटाने आपल्या द्रावणाची कृती लिहून ठेवली आहे: दोन किंवा तीन ड्रॅम मीठ, दोन स्क्रुपल सोडा, सहा पिंट पाणी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सवयीने वहीच्या समासात हिशेब मांडला. एक ड्रॅम म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. दोन किंवा तीन ड्रॅम म्हणजे ७.८ ते ११.७ ग्रॅम. सहा पिंट म्हणजे, इंपीरियल पिंट धरला तर, सुमारे ३.४ लिटर. भागाकार केला की लिटरला २.३ ते ३.४ ग्रॅम मीठ येतं. जुना, लहान पिंट धरला तरी आकडा फार तर ४च्या आसपास जातो. आज शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम असतं. लॅटाचं पाणी त्याच्या निम्म्याहूनही फिकं होतं.

त्यातून हे ‘दोन किंवा तीन’. दोन आणि तीनमध्ये दीडपटीचा फरक आहे. प्रयोगशाळेत असं कुणी लिहिलं तर मी अख्खं उदाहरण खोडतो. पण लॅटाच्या हाताशी काय होतं? मोल ही कल्पनाच अजून जन्मायची होती. रक्ताशी जुळणारं द्रावण किती खारट असावं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. त्याने एका बाईला मरणाच्या दारातून अर्ध्या तासात परत आणलं, तेही अंदाजाने. दुसऱ्याच वर्षी तो स्वतः वारला. पाणी निर्जंतुक नसायचं, रोगी अगदी शेवटच्या घटकेला हाती यायचे, एकदा पाणी दिलं की लोक थांबायचे. त्यामुळे मिळालेलं यश टिकेना. पद्धत मागे पडली आणि रक्त काढणं पुढे चालू राहिलं.

*

ओ’शॉनेसीची पुढची कथा आपल्याकडची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो १८३३मध्ये कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि विद्यार्थ्यांसाठी त्याने रसायनाचं पुस्तकही लिहिलं. नंतर तारायंत्राच्या नादाला लागून त्याने कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडणारं खातं उभं केलं आणि सर ही पदवी मिळवली. ज्या मुलखातून कॉलरा जगभर गेला, तिथेच कॉलऱ्याचं मर्म ओळखणारा माणूस येऊन राहिला, आणि त्याचं नाव झालं ते तारांसाठी.

दरम्यान किती खारट, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच वाटेने येत होतं. १८८०च्या दशकात लंडनला सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवायचा प्रयोग करत होता. हृदय छान चालायचं. मग उघडकीला आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी घेतल्यावर हृदय बंद पडू लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि हृदयाला ते लागत होतं. पाणी किती, याच्याइतकंच पाणी कसलं, हेही महत्त्वाचं ठरलं. त्याच काळात नेदरलँड्समध्ये हार्टोग हॅम्बर्गर तांबड्या रक्तपेशी निरनिराळ्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात टाकून पाहत होता. पाणी फिकं असलं की पेशी फुगून फुटायच्या आणि द्रावण लाल व्हायचं. माणसाच्या रक्ताशी जुळणारा आकडा निघाला तो ०.९ टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यात रोग्याच्या डोक्याशी टांगलेल्या बाटलीवर जो ०.९ दिसतो, त्याच्यामागे हे फुटलेल्या पेशींचं लाल पाणी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने हा हिशेब परत कॉलऱ्याकडे आणला. कॉलऱ्याच्या रोग्याचं मीठही जातं, तेव्हा त्याला रक्ताइतकं नव्हे तर रक्तापेक्षा जास्त खारट पाणी द्यावं, असं त्याचं म्हणणं. त्याने पिंटाला १२० ग्रेन मीठ घेतलं. म्हणजे लिटरला पावणेचौदा ग्रॅमच्या आसपास, नेहमीच्या दीडपट. मृत्यूचं प्रमाण साठ टक्क्यांवरून तीसच्या आसपास आलं. आणि किती पाणी द्यायचं हे ठरवण्यासाठी त्याच्याकडे एक साधी युक्ती होती. वेगवेगळ्या घनतेच्या ग्लिसरीन-पाण्याच्या बाटल्यांत तो रोग्याच्या रक्ताचा थेंब सोडायचा. थेंब बुडतो की तरंगतो, त्यावरून रक्त किती घट्ट झालंय हे कळायचं.

हीच युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रॉबर्ट फिलिप्स आणि डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी मोरचुदाच्या द्रावणावर बेतली. रक्तदान शिबिरात बोटाला सुई टोचून निघालेला थेंब निळ्या पाण्यात सोडलेला तुम्ही पाहिला असेल. ते निळं पाणी १.०५३ घनतेचं असतं. थेंब बुडाला तर रक्त द्यायला हरकत नाही, तरंगला तर घरी जाऊन पालेभाजी खा. या फिलिप्सचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

*

शिरेतून सलाइन द्यायचं तर निर्जंतुक बाटल्या हव्यात, नळ्या हव्यात, सुया हव्यात, शीर सापडणारा हात हवा. कॉलरा येतो तो नेमका यातलं काहीच नसतं तिथे. मग रोग्याला ते पाणी नुसतं पाजलं तर? वरवर पाहता हा अडाणी प्रश्न वाटतो, कारण प्यायलेलं पाणी खालून निघूनच जातं. तरी कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलं की आपण कॉलऱ्याच्या १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन बरं केलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९५९मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू आतडं खात नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं पाणी बाहेर टाकत सुटतं. म्हणजे आतडं धड असतं. पुढच्याच वर्षी प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेनने मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात. मीठ एकटं गेलं तर दारावर थांबतं, साखरेबरोबर गेलं तर आत येतं. आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं.

आता फिलिप्स. अमेरिकी नौदलाचा हा डॉक्टर तोवर कॉलऱ्यातला मोठा जाणकार झाला होता. १९६२मध्ये फिलिपाइन्समध्ये त्याने ग्लुकोज घातलेलं मिठाचं पाणी तोंडाने दिलं आणि ते शोषलं जातं असं त्याला दिसलं. मग त्याने ते जास्त रोग्यांना देऊन पाहिलं. द्रावण फार तीव्र होतं. तीसपैकी पाच रोगी मेले. फिलिप्सने हात आखडता घेतला आणि नंतर बराच काळ तो तोंडाने पाणी देण्याबद्दल साशंक राहिला.

हा मजकूर मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. रक्ताचा थेंब बुडतो की तरंगतो यावर ज्याने जगाला मोजायला शिकवलं, त्याच्याही हातून हे झालं. सूत्र माहीत असणं आणि त्या क्षणी भांड्यात नेमकं किती आहे हे ठाऊक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीव्र पाणी मारतं कसं, हे समजायला स्वयंपाकघरात जावं. काकडीची कोशिंबीर करताना चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने तळाशी पाणी सुटलेलं दिसतं. बाहेर खारट, आत कमी खारट, म्हणून पाणी आतून बाहेर येतं. पुस्तकात याला परासरण म्हणतात. आतड्यात रक्तापेक्षा फार तीव्र द्रावण गेलं की तेच होतं: पाणी रक्तातून आतड्यात उतरतं, जुलाब वाढतात, आणि शोषलं गेलेलं मीठ रक्तात साठत जातं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं. ते फार वर गेलं की मेंदूतल्या पेशींचं पाणी सुटू लागतं. मग झटके येतात.

*

१९६८मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी हिशेब जुळवला. रोग्याचं जेवढं पाणी जातं तेवढं मोजायचं आणि योग्य तीव्रतेचं तेवढंच पाणी पाजायचं. शिरेतून द्यावं लागणारं सलाइन ऐंशी टक्क्यांनी कमी झालं. कलकत्त्यातही जॉन्स हॉपकिन्सच्या केंद्रात याच धर्तीवर काम चालू होतं. पण हे सगळं खाटा, परिचारिका आणि मोजपात्रं असलेल्या दवाखान्यातलं. उघड्यावर काय?

त्याचं उत्तर १९७१ने मागितलं. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली. सरहद्दीवरच्या बनगावात, पावसाळ्याच्या तोंडाशी, छावण्यांमध्ये कॉलरा शिरला. कलकत्त्याच्या केंद्रातले डॉक्टर दिलीप महालनवीस जूनच्या अखेरीला तिथे पोचले. दवाखान्यात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या, सोळा खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर, आणि जमीन उलट्याजुलाबांनी भरलेली. रोग्याच्या शिरेत सुई घालायची तर त्या घाणीत गुडघे टेकावे लागत. दोन दिवसांत महालनवीसांना कळलं की सलाइन संपत आलं आहे, आणि ते देता येणारी माणसं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत.

त्यांनी ठरवलं की पाजायचं. कलकत्त्याच्या केंद्रातल्या वाचनालयाच्या खोलीत पुड्या बांधायला सुरुवात झाली. लिटरमागे साधं मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम, ग्लुकोज २२ ग्रॅम. पोटॅशियम हवं होतं, पण कृती साधी राहावी म्हणून ते वगळलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या चार लिटरच्या आणि सोळा लिटरच्या मापाने भरलेल्या. बनगावला त्या पाण्यात सोडायच्या, नळ बसवलेल्या पिंपांत ते पाणी भरायचं, आणि रोग्याच्या आईने, भावाने, बायकोने पेला भरून न्यायचा आणि पाजत राहायचं. लोकांचा सुईवर विश्वास, नुसत्या पाण्यावर नाही, म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचं सलाइन’ असं नाव दिलं. खर्च लिटरला अकरा पैसे. तिथे मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. महालनवीसांच्या देखरेखीखालच्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत ते ३.६ टक्के झालं.

या कृतीचा हिशेब मी वर्गात दर वर्षी घालतो. मीठ ३.५ ग्रॅम, रेणुभार ५८.५, म्हणजे ६० मिलिमोल. सोडा २.५ ग्रॅम, रेणुभार ८४, म्हणजे ३० मिलिमोल. दोन्हीतलं सोडियम मिळून ९०. ग्लुकोज २२ ग्रॅम, रेणुभार १८०, म्हणजे १२२. इथे मी थांबतो आणि विचारतो की पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जे सूत्र नेमलं त्यात ग्लुकोज २० ग्रॅम आहे, मग महालनवीसांनी दोन ग्रॅम जास्त का घातलं? एखादीच मुलगी दोन-तीन वर्षांतून उत्तर देते. बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोजच्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू अडकलेला असतो. त्याचा भार १८० नव्हे, १९८. बावीसला १९८ने भागा: १११. कोरड्या ग्लुकोजच्या वीस ग्रॅमला १८०ने भागा: पुन्हा १११. दोन ग्रॅमचा फरक हा साखरेचा नव्हताच, तो स्फटिकातल्या पाण्याचा होता. सगळे कण मिळवले तर द्रावण २९१ भरतं. रक्तही साधारण तेवढंच भरतं. युद्ध, चिखल, मरण चालू असताना पुड्या बांधणाऱ्यांनी स्फटिकातलं पाणीसुद्धा हिशेबात धरलं होतं.

*

जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ बनगावला येऊन हे पाहून गेले आणि मग त्यांनी संघटनेत याचा पाठपुरावा केला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाकीट जगभर गेलं, पोटॅशियम घालून. दमट हवेत सोडा टिकेना म्हणून १९८४च्या सुमारास त्याच्या जागी सायट्रेट आलं. आणि एक भांडण मात्र चालूच राहिलं. ९० मिलिमोल सोडियम कॉलऱ्याच्या मोठ्या माणसाला बरोबर, पण साध्या जुलाबाच्या तान्ह्या मुलाला जास्त, असं बालरोगतज्ज्ञ म्हणत. साऱ्या जगाला एकच पाकीट द्यायचं तर मधला आकडा कोणता? तो ठरायला २००२ साल उजाडलं: सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण कण ३११वरून २४५. द्रावण फिकं केल्याने शिरेतून सलाइन द्यायची वेळ तेहेतीस टक्क्यांनी कमी आली. आज आशाताई घरात आणून देतात ते पाकीट हेच.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने तर पाकीटच सोडून दिलं. १९८०पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर फिरून बायकांना शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट, तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत, एवढं मीठ. मूठभर गूळ. अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं झाली. ही काही अंदाजपंचे मोहीम नव्हती. बायकांनी स्वतःच्या हाताने केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यातलं सोडियम मोजत. कार्यकर्तीचा पगार, तिने शिकवलेल्या बाईला किती आठवतंय यावर ठरे. लॅटाचं ‘दोन किंवा तीन’ दीडशे वर्षांनी बाईच्या बोटाच्या पेरावर येऊन नेमकं झालं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर त्यांनी बायकांच्या हातावर विश्वास ठेवला, आणि मग तो हात तपासूनही पाहिला. आमच्याकडे आम्ही आईच्या हातावर नुसता विश्वास ठेवला. चाळीस माणसांच्या पंगतीला वजनकाट्याशिवाय मीठ घालणारा हात होता तो. त्याला फक्त एक आकडा सांगायला हवा होता, आणि तो सांगणारा माणूस घरात होता.

गोंधळाला आजही वाव आहे. दुकानात लिटरभर पाण्याचं वीस-एकवीस ग्रॅमचं पाकीट मिळतं, तसंच २०० मिलिलिटरचं चार ग्रॅमचंही. रात्री घाईत कुठलं हातात येईल सांगता येत नाही. खोक्यांत मिळणारी गोड पेयं ‘ओआरएस’ हे शब्द छापून वर्षानुवर्षं विकली गेली, साखर कितीतरी पट आणि क्षार नावाला. २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या शब्दांना मनाई केली.

*

त्या रात्री डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि थेंब अगदी सावकाश ठेवले. मी म्हटलं, ‘डॉक्टर, रक्त खारट झालंय तर भराभर पातळ करा ना.’ सूत्र तेच सांगतं, व्ही-टू वाढवा. ते म्हणाले, ‘सर, घाई केली तर मेंदूला सूज येईल. जसं चढलं तसंच हळूहळू उतरवायचं. दोन दिवस लागतील.’ माझ्या सूत्रात वेळ नव्हती. ती नसते हे मी तोवर कुणाला सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराने रडून दूध मागितलं. आई व्हरांड्यात बाकावर बसली होती, तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. मी तिच्याशेजारी बसलो आणि काय झालं ते सांगू लागलो. सोडियम, संहती, परासरण. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे काकडीला मीठ लावल्यासारखं?’

मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही.

घरी आल्यावर तिने दूधवाल्याकडून लिटरचं माप मागून आणलं, पितळी तांब्यात एक माप पाणी ओतलं आणि पाण्याच्या रेषेवर आतून खिळ्याने एक ओरखडा काढला. गल्लीत कुणाच्या पोराला जुलाब झाले की तो तांब्या त्या घरी जायचा. पाकीट फोडायच्या आधी आई विचारायची, ‘पाणी किती घातलंस गं?’ तिला जाऊन आता चौदा वर्षं झाली. तांब्या माझ्याकडे आहे. अकरावीला हा धडा घेतो तेव्हा मी तो वर्गात नेतो, टेबलावर ठेवतो, आणि मुलांना आत वाकून ओरखडा बघायला सांगतो. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहितो.